येसराला सात नकार

आमच्या घरात संशय घेण्याचं काम माझ्याकडं आहे.

बाकीची कामं वाटून दिलेली आहेत. स्वयंपाक, पाहुणे, देवपूजा, दवाखाना, लाइटबिल हे सगळं महानंदा, म्हणजे माझी बायको, बघते. मी संशय बघतो. दूधवाल्यानं माप तिरकं धरलं का, 'सहज आलो' म्हणणारा पाहुणा नक्की कशाला आला, बँकेतून बोलतोय म्हणणारा माणूस खरंच बँकेतून बोलतोय का, ही सगळी माझी जबाबदारी. एकदा खुद्द बँकेचे मॅनेजर फोनवर होते. त्यांनी मला माझी जन्मतारीख विचारली, मी त्यांना त्यांची विचारली. (त्यांनी सांगितली नाही. मग माणसाला संशय येणार नाही तर काय!)

गंगाखेडला स्टँडजवळ माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. वाढदिवस, लग्न, निवड, सत्कार, पुण्यस्मरण, आपल्याकडं सगळं होतं. या धंद्यात केस पांढरे झाले आणि एकच गोष्ट पक्की कळली. फ्लेक्सवर वस्तू छोटी झाली तर चालते, माणूस छोटा झाला की तो दुकानावर येतो. एका वाढदिवसाच्या फ्लेक्सवर मी चुलत्याचा फोटो मामाच्या फोटोपेक्षा दोन बोटं लहान लावला होता. ती दोन घरं आजही एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. तेव्हापासून मी फोटो पट्टीनं मोजून लावतो आणि छापण्याआधी सगळ्यांना नमुना पाठवतो. सगळ्यांचा होकार आला की मगच मशीन चालू.

तर, येसर.

आमच्याकडं लग्न ठरलं की येसर होतं. गहू, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं, मिरची आणि आणखी काय काय खमंग भाजायचं, कुटायचं आणि डब्यात भरायचं. उकळत्या पाण्यात दोन चमचे टाकलं, वरून फोडणी दिली की आमटी तयार. महानंदाच्या हाताला येसराची जी चव आहे ती बाकी कोणाच्या हाताला नाही, असं तिच्या माहेरचे म्हणतात आणि माझ्या घरचेही म्हणतात. या दोन्ही बाजूंचं एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत आहे. तिच्या मावसबहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा बहीण म्हणाली, 'टॉवेल-टोपी नको, येणाऱ्या प्रत्येकाला येसराची पुडी देऊ.' महानंदानं चाळीस किलो येसर केलं. भाजून भाजून तिचे हात दुखले, आठ दिवस आमच्या गल्लीतली मांजरंसुद्धा शिंकत होती. आणि मग मुलाकडच्यांनी लग्न पुण्यात हॉलवर घेतलं आणि पुडीऐवजी पाहुण्यांना कुंडीतलं रोप द्यायचं ठरवलं.

चाळीस किलो येसर आमच्या पुढच्या खोलीत येऊन बसलं.

महानंदा रडली नाही. दोन दिवस डब्यांची झाकणं घट्ट करत राहिली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अहो, मी हे विकते. वास तीन महिने टिकतो, तेवढ्यात गेलं तर बरं. हे गेलं तर पुढं दर महिन्याला करीन. न्हाई गेलं तर परत कवा असलं काही म्हणणार न्हाई तुमाला."

हे शेवटचं वाक्य मला लागलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, या बाईनं स्वतःसाठी पहिल्यांदा काही मागितलं होतं. मी म्हणालो, "तू बस निवांत. जाहिरातीचं माझ्याकडं लागलं. मोबाइलवर टाकू. पुण्या-मुंबईत आपली किती माणसं हाईत, सगळ्यांना दिसल."

मोबाइलवर म्हणजे ते सोशल मीडियाचं ॲप, ज्यावर सगळं जग दिवसभर असतं. (नाव घेत नाही. आधीच त्यांचं आणि माझं फार बरं नाही.)

दुकानात बसून मी जाहिरात तयार केली, आणि अभिमानानं सांगतो, तसलं काम मी आमदाराच्या वाढदिवसालाही केलं नव्हतं. वर मधोमध महादेव. उजवीकडं आमचे बसवंत काका, पेडगावचे, नावाखाली 'प्रगतशील शेतकरी'. डावीकडं माझे साडू मन्मथराव, ज्यांचं पालमला किराणा दुकान आहे, नावाखाली 'प्रसिद्ध व्यापारी'. दोघांचे फोटो पट्टीनं मोजून सारखे. मध्ये मोठा मी. पांढरा शर्ट, कानाला मोबाइल, नजर लांब कुठंतरी. नावाखाली आपलं नेहमीचं, 'भावी नगरसेवक'. मागं उगवता सूर्य. मजकूर असा: 'अस्सल घरगुती येसर उपलब्ध झाल्याबद्दल समस्त ग्राहकांचे हार्दिक अभिनंदन.'

महानंदानं चष्मा लावून बराच वेळ बघितलं. "येसर कुठाय?"

"हे काय, खाली उजवीकडं. सूर्याच्या किरणापाशी."

"हे येसर हाय व्हय? मला वाटलं तुमच्या बुटावर काही पडलंय."

तरी ती हो म्हणाली. काका आणि मन्मथराव यांनी आपापले फोटो मोठे करून बघितले आणि तेही हो म्हणाले. मी जाहिरात पाठवून दिली आणि चहा सांगितला. चहा यायच्या आत उत्तर आलं. 'आपली जाहिरात नाकारण्यात आली आहे.' खाली एक निळं बटण होतं, त्यावर लिहिलं होतं, 'कारण पाहा'.

आता इथं माझ्या जागी दुसरा कोणी असता तर त्यानं ते बटण दाबलं असतं. मी नाही दाबलं. अनोळखी बटण दाबू नका, हे मी गल्लीतल्या प्रत्येकाला सांगत फिरतो. 'बक्षीस पाहा' म्हणतात, 'थकलेलं बिल पाहा' म्हणतात, आणि बघितलं की माणूस लुटला जातो. आणि समजा बटण खरं असलं, तरी नाकारणारा माणूस खरं कारण कधी लिहून देतो का? मी एवढी वर्षं तहसीलच्या चकरा मारल्यात. कारण कागदावर नसतं, कारण माणसात असतं.

आणि चहाच्या आत नकार! कोणताही साहेब एवढ्या लवकर कागद वाचत नाही. म्हणजे कोणीतरी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. जाहिरातीची गोष्ट बाहेर कोणालाच माहीत नव्हती. माहीत होती फक्त ज्यांना नमुना पाठवला त्यांना.

मी मन्मथरावांना फोन लावला.

"साडूभाऊ, खरं सांगा. तुमी कोणाला काही बोललाव का?"

"कशाबद्दल?"

"जाहिरातीबद्दल."

"बोललो की. सगळ्या गिऱ्हाइकांना दाखवली. फोटो लय भारी आलाय म्हणले."

"ती नाकारली त्यांनी."

पलीकडं जरा शांतता झाली. ही शांतता मी लक्षात ठेवली.

"कामून?" मन्मथरावांनी विचारलं.

"ते तुमीच सांगा."

"मी कसं सांगू? मी काय त्या कंपनीत हाव का?"

"तसं न्हाई. तुमच्या दुकानात मसाल्याच्या तयार पुड्या टांगलेल्या असतात. म्हणून आपलं विचारलं."

फोन ठेवल्याचा आवाज आला. खरा माणूस असा फोन ठेवत नाही, असं मी महानंदाला सांगितलं. ती म्हणाली, खराच माणूस असा फोन ठेवतो. पण संशयाचं खातं माझ्याकडं असल्यामुळं मी पुढं गेलो. मन्मथरावांचा फोटो काढला, तिथं एक कमळाचं फूल लावलं आणि जाहिरात परत पाठवली. सवयीनं नमुना घरच्या ग्रुपवरही टाकला.

जाहिरात दहा मिनिटांत नाकारली गेली. मन्मथरावांचा फोन पाच मिनिटांत आला. म्हणजे फोन आला तो माझ्या मेहुणीचा, तोही महानंदाला. अर्धा तास महानंदा नुसतं 'हूं' म्हणत होती. शेवटी म्हणाली, "ताई म्हणायली, फुलाची किंमत हाय पण आमच्या माणसाची न्हाई का?"

मी मन्मथरावांना मुकाट्यानं परत जागेवर बसवलं. ते निर्दोष निघाले होते. आता उरले काका.

काकांवर संशय घ्यायला माझ्याकडं भक्कम कारण होतं. पूर्वी बाजार समितीत कापसावरून मारामारी झाली होती आणि त्यात काकांचं नाव पोलिसांच्या कागदावर गेलं होतं. हल्ली या कंपन्यांकडं सगळ्यांची माहिती असते म्हणतात. काकांचा चेहरा दिसला की तिकडं घंटी वाजत असणार, असा माझा अंदाज होता. मी काकांना काढलं आणि त्या जागी बैलजोडी लावली. पाठवली. नाकारली. तिसरा नकार.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता काका माझ्या दारात उभे. पेडगावहून परभणी, परभणीहून गंगाखेड, अशा दोन एसट्या करून पंच्याहत्तर वर्षांचा माणूस आला होता. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, हातात पिशवी. आल्या आल्या महानंदाला "शरणार्थ" म्हणून हात जोडले. मला म्हणाले नाहीत.

"बसा काका," मी म्हणालो.

"बसायला जागा ठिवली का मला? फोटूतून तर काढलास. आता सातबाऱ्यावरून कवा काढायलास तेवढं सांग."

"काका, काहीतरीच काय. ती नुसती चाचणी होती."

"मी काय बियाणं हाव का, चाचणी घ्यायला? अन् माझ्या जागी बैलं लावलास. भावकीत चार जणांनी फोन करून इचारलं, डावीकडचा कोणता बसवंत, अन् उजवीकडचा कोणता."

"ते बाजार समितीचं प्रकरण होतं ना, काका. मला वाटलं, तुमचं नाव पोलिसात गेलेलं हाय, म्हणून..."

काकांनी पिशवी खाली ठेवली. "त्याला तीस साल झाले. अन् मी मारणारा न्हवतो. मार खाणारा होतो. ह्ये तुला माहीत हाय, कारण दवाखान्यात डबा घेऊन तूच यायचास."

मी पाण्याचा तांब्या पुढं केला. काकांनी मात्र माझा मोबाइल घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि विचारलं, "अन् या पोरीचा फोटू कुठाय?"

"कोणत्या?"

"महानंदाचा. जिनं येसर केलं तिचा. ती सोडून सगळे हाईत की रं यात. मी मार खाल्लेला माणूस होतो, आता माझ्या जागी बैलं हाईत, सूर्य हाय. ती कुठाय?"

मी महानंदाकडं बघितलं. खरं सांगतो, ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. पट्टीनं मोजून फोटो लावणारा माणूस मी, आणि एक फोटो कमी आहे हे मला चार दिवस दिसलं नव्हतं. महानंदा आत गेली. मला वाटलं चहा ठेवायला गेली. चहा आला नाही.

काका संध्याकाळच्या गाडीनं गेल्यावर ती म्हणाली, "मला फोटो नकोच हाय. येसर गेलं पाहिजे. पंधरा दिवसांखाली वास दारापर्यंत यायचा. आता डब्याचं झाकण काढावं लागायलंय."

मला लय वाईट वाटलं. पण माझा स्वभाव असा, की वाईट वाटलं की संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. आता मला रंगाचा संशय आला. सूर्य भगवा होता, कोणाला खुपला असेल, म्हणून तो हिरवा केला. हिरवा सूर्य बघून मलाच कसंतरी झालं, मग निळा केला. तेव्हा काकांना जाहिरातीत बैलांच्या जागी परत बसवलेलं होतं आणि मागच्यापेक्षा दोन बोटं मोठं केलं होतं. चौथा नकार आला. आणि काका मोठे का, म्हणून मन्मथरावांचा निरोपही आला.

मग माझं डोकं फिरलं. मी काकांनाही काढलं आणि मन्मथरावांनाही काढलं. राहिलो महादेव आणि मी. पाचवा नकार आला. आता संशय कोणावर घ्यायचा? देव्हाऱ्यापुढं उभा राहून मी हात जोडले, "देवा, रागावू नको, फक्त बघायचंय," म्हणालो आणि महादेवाचा फोटोही काढला. सहावा नकार. महादेव निर्दोष सुटले.

जाहिरातीत आता मी एकटा होतो. माझ्याबद्दल शंका घेण्याचं काही कारण नव्हतं. म्हणजे दोष सरळसरळ तिकडच्या साहेबाचा होता. अशा वेळी काय करायचं हे मला तहसीलनं शिकवलेलं आहे. मी अर्ज लिहिला. 'प्रति, मा. मुख्य अधिकारी साहेब, जाहिरात विभाग. विषय: येसराची जाहिरात वारंवार नाकारून मानसिक त्रास दिल्याबाबत. महोदय, वरील विषयी विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की...' खाली सही, सहीवर दुकानाचा शिक्का, सोबत आधार कार्डाची झेरॉक्स आणि दोन शेजाऱ्यांच्या साक्षीदार म्हणून सह्या. या सगळ्याचा फोटो काढून, मीच मधोमध असलेल्या जाहिरातीसोबत पाठवून दिला.

उत्तर आलं, 'आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद.'

"बघ," मी महानंदाला म्हणालो, "धन्यवाद म्हणतोय. धन्यवाद कशाचे? काहीतरी शिजायलंय तिकडं."

खाली सातवा नकार होता, आणि या वेळी वर लाल अक्षरात नवीन ओळ होती. आणखी एकदा असं झालं तर या खात्यावरून जाहिरात कायमची बंद करण्यात येईल. म्हणजे एकच संधी उरली होती. महानंदानं ती ओळ वाचली आणि पहिल्यांदाच मला वाटलं की ही आता रडणार. ती रडली नाही. तिनं मन्मथरावांना आणि काकांना फोन करून रविवारी बोलावलं.

रविवारी दुपारी सगळे पुढच्या खोलीत येसराच्या डब्यांमध्ये बसले. काका एका कोपऱ्यात, मन्मथराव दुसऱ्या कोपऱ्यात. दोघांचाही राग माझ्यावर होता, पण एकमेकांच्या फोटोच्या मापावरून त्यांचंही आतून काही ठीक नव्हतं. अधूनमधून कोणीतरी शिंकायचं.

"हे बघा," मी सुरुवात केली, "मी कोणावर आरोप करायलो न्हाई. पण आतला माणूस असल्याशिवाय सात वेळा नकार येत नसतो."

"आतला माणूस मंजी कोण?" मन्मथराव म्हणाले. "मला तर ऐकायला आलंय, तिथं माणूसच नसतो. मशीन असतं."

"मशीनला कोणीतरी सांगतच असल की."

"मग मशीननं काय सांगितलं?" महानंदानं विचारलं. "कारण काय दिलंय?"

"कारण कोण देतंय? एक बटण दिलंय. 'कारण पाहा' म्हणून."

तिघंही माझ्याकडं बघायला लागले.

"ते तुमी बघितलंय ना?" महानंदा म्हणाली.

"मी असली बटणं दाबत नसतो."

"सात वेळा आलं ते बटण, अन् एकदाबी दाबलं न्हाई?"

"अगं, तोच तर त्यांचा सापळा असतो. मी सात वेळा वाचलो."

महानंदानं हात पुढं केला. मी मोबाइल छातीशी धरला. काका उठून उभे राहिले, तेव्हा मी मोबाइल दिला. तिनं बटण दाबलं. मी डोळे मिटून घेतले. काही झालं नाही. महानंदा सावकाश, एकेक शब्द वाचायला लागली.

"'ही जाहिरात निवडणूक किंवा राजकारण या विषयाशी संबंधित असल्याचे दिसते. अशा जाहिरातीसाठी उमेदवाराची ओळख पटवणारी कागदपत्रे जोडावीत.'"

"उमेदवार?" काका म्हणाले. त्यांनी मन्मथरावांकडं बघितलं. "तू त्या व्यापाऱ्यांच्या संघटनेला उभा ऱ्हायलास का?"

"मी न्हाई, काका. तुमचंच ते गावातल्या सोसायटीचं चालू होतं मागं."

"माझं कवाच सुटलं ते!"

मी आळीपाळीनं दोघांकडं बघितलं. असं आहे तर. दोघांपैकी एकजण गुपचूप निवडणुकीला उभा राहिला होता आणि त्याच्यापायी माझ्या बायकोचं येसर अडलं होतं. मला आतून एक समाधान वाटलं. शेवटी संशय खरा निघाला.

महानंदानं मोबाइल माझ्यासमोर धरला. "ही शेवटची जाहिरात बघा. यात आता कोण कोण उरलंय?"

मी बघितलं. निळा सूर्य होता. येसराचा ठिपका होता. आणि मी होतो, कानाला मोबाइल लावून, नावाखाली दोन शब्द घेऊन.

ते दोन शब्द मी तीन निवडणुकांपासून लावतो. दुकान स्वतःचं, शाई स्वतःची, कोण अडवणार? पहिल्या वेळी मनापासून लावले होते. मग प्रत्येक वाढदिवसाला, प्रत्येक सणाला लावत गेलो. होता होता ते माझ्या आडनावासारखे झाले. भावकीतल्या लग्नपत्रिकांवरसुद्धा मी तसाच छापला गेलोय. घरात कोणी ते वाचायचं नाही आणि मीही वाचायचो नाही.

"तू खरंच उभा ऱ्हानार हाईस?" काकांनी विचारलं.

"इचार चालू हाय, काका."

"कवापासून?"

"तीन निवडणुका झाल्या."

"कोणत्या पक्षाकडून?"

"ते ठरायचंय."

"तुझं ठरायचंय का पक्षाचं?"

"पक्षाचं."

मन्मथराव आधी खोकले, मग शिंकले आणि मग हसतच सुटले. "साडूभाऊ, मला वाटलं ते तुमच्या डिझाइनमधेच येतं. वर हार, खाली भावी."

काकाही हसले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच ते दोघं एकमेकांकडं बघून हसत होते. महानंदा हसली नाही. ती डब्यांकडं बघत म्हणाली, "पाच आठवडे गेले, अहो. तुमाला नगरसेवक व्हायचं तर व्हा. मी कवा न्हाई म्हणले? पण माझ्या येसरावर बसून कामून व्हायलाव?"

कान पकडायचं वय राहिलं नाही, नाहीतर मी पकडले असते. मी मन्मथरावांची माफी मागितली, काकांची मागितली, आत जाऊन महादेवाचीही मागून आलो. काकांनी माफी घेतली, पण अट घातली, की फोटूत परत घे. महानंदा म्हणाली, "कोणाचाच फोटो नको."

"माझा तरी एक छोटा..." मी म्हणालो.

"न्हाई."

"'भावी' काढतो. नुसतं 'नगरसेवक' ठेवू?"

काका परत उठून उभे राहिले. मी विषय सोडला.

महानंदानं एका डब्याचं झाकण काढलं, स्टीलच्या पातेल्यात दोन मुठी येसर घेतलं, ते खिडकीच्या उजेडात ठेवलं आणि माझ्याच मोबाइलवर फोटो काढला. मग लिहिलं: 'येसर. घरी भाजलेलं, कांडपावर कुटलेलं. लग्नात खाल्लं असेल तसंच. महानंदा, गंगाखेड.' एवढंच. ना सूर्य, ना अभिनंदन. माझ्या व्यवसायाच्या दृष्टीनं ती फार गरीब जाहिरात होती. तिनं ती पाठवली तेव्हा खोलीत कोणी शिंकलंसुद्धा नाही, कारण ही शेवटची संधी होती आणि आठवा नकार आला असता तर सगळंच संपलं असतं.

चहा झाला. कप धुऊन झाले. मोबाइल वाजला. मंजूर.

महानंदा तेव्हा रडली. पातेलं मांडीवर घेऊन, हसत हसत रडली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मिरचीनं आलं असं मी सगळ्यांना सांगितलं.

त्या आठवड्यात घरातला फोन थांबला नाही. नोकरीसाठी बाहेर गेलेली आपल्याकडची किती माणसं येसरासाठी तरसून बसलेली असतात, हे मला तेव्हा कळलं. पुण्याहून एक बाई बोलल्या, मूळच्या पालमच्या. आई गेल्यापासून येसर खाल्लं नव्हतं म्हणाल्या. महानंदा त्यांच्याशी पाऊण तास बोलली, आणि त्या बाई कोण, कुठल्या, कशावरून पालमच्या, हे मी एकदाही विचारलं नाही. चाळीस किलो गेलं. मग तिनं परत भाजलं. मन्मथरावांनी पालमच्या दुकानात तिच्या पुड्या सगळ्यात पुढं टांगल्यात. पुड्यांवरची लेबलं मी छापतो. त्यावर महानंदाचा फोटो आहे, हे मीच हट्टानं करायला लावलं. माझं नाव खाली बारीक अक्षरात टाकू का, म्हणून विचारलं होतं. ती म्हणाली, "नको. उगंच संशय येतो लोकाला."

खोटं कशाला बोलू, थोडं लागलं. तीन निवडणुका मी स्टँडपासून नदीच्या घाटापर्यंत खांबाखांबावर स्वतःला टांगून घेतलं. पक्षानं बघितलं नाही. मतदारांनी बघितलं नाही. चुलत्यानं बघितलं नाही, साडूनं बघितलं नाही आणि सव्वीस वर्षं एका घरात राहून बायकोनंसुद्धा ते मनावर घेतलं नाही. सातासमुद्रापलीकडच्या त्या एका मशीननं मात्र माझ्याकडं नुसतं बघितलं आणि सात वेळा ठामपणे सांगितलं, की हा माणूस उमेदवार आहे. म्हणून तो शेवटचा नकार मी रंगीत छापून, लॅमिनेट करून ठेवलाय. पुढच्या वेळी तिकीट मागायला गेलो की अर्जाला जोडणार आहे. माझ्या बाजूनं दुसरा पुरावा नाही.